चोरट्या ध्वनिफिती आणि पाठचिकित्सकाचा संकोच

२०१६च्या जानेवारीत एका विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या एका प्रबंधाची मौखिक परीक्षा होती. परीक्षक मंडळात प्रस्तुत लेखिका वयाने आणि अधिकाराने सर्वांत कनिष्ठ. प्रबंधाचा विषय कथागीत हा होता. पोवाड्यापासून आरंभ करून विद्यार्थिनी बॉब डिलनच्या 'लिली, रोझमेरी अँड द जॅक ऑफ हार्ट्स' या दीर्घ गीतापर्यंत आली होती, आणि त्या गीताच्या पाठभेदांवर तिने अकरा पानांचे एक परिशिष्ट जोडले होते. डिलनच्या छापील गीतसंग्रहात या गीताचे एक कडवे आढळते, ते १९७५च्या अधिकृत ध्वनिमुद्रिकेत नाही. केवळ छापील पुस्तक पाहणाऱ्यास ते कागदावरच राहिलेले कडवे वाटावे. विद्यार्थिनीचे म्हणणे असे की, ते गायिले गेले होते. सप्टेंबर १९७४मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या ध्वनिमुद्रणात ते आहे, आणि बाजारात जाण्यापूर्वी तपासणीसाठी काढलेल्या मोजक्या तबकड्यांवरून उतरविलेल्या प्रती संग्राहकांपाशी आहेत.

ज्येष्ठ परीक्षकांनी विचारले, "हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध कोणी केले?" ती म्हणाली, "कोणीच नाही, सर." "मग ते पुरावा कसे होईल? चोरीचा माल आहे तो." परिशिष्ट काढून टाकण्याच्या अटीवर प्रबंध मान्य झाला. मी गप्प बसले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि आमच्या क्षेत्रातील पुष्कळांना तो एकाएकी अभ्यासविषय वाटू लागला. पण त्या दिवशीच्या माझ्या मौनाशी त्याचा संबंध नाही. परिशिष्टातील प्रश्न पारितोषिक मिळो वा न मिळो, तोच राहिला असता.

प्रथम इतिहास, थोडक्यात. १९६९च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातील एक जोडतबकडी दुकानांतून दिसू लागली. तिला पुढे 'ग्रेट व्हाइट वंडर' हे नाव मिळाले. रॉक संगीतातील पहिली चोरटी तबकडी म्हणून तिचा उल्लेख होतो. तिच्यात १९६१ साली मिनियापोलिसमध्ये केलेल्या एका खासगी ध्वनिमुद्रणातील गीते होती, तशीच १९६७ साली न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट सॉगर्टीज येथील एका घराच्या तळघरात डिलनने पुढे 'द बँड' म्हणून ओळखल्या गेलेल्या साथीदारांसह गायिलेली काही गीते होती. तळघरातील ही गीते प्रसिद्धीसाठी नव्हती. त्यांतली काही इतर गायकांना ऐकविण्यासाठी म्हणून बाहेर गेली आणि हातोहात पसरली. अमेरिकेतील केंद्रीय कायद्याने ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र संरक्षण दिले ते १९७२च्या फेब्रुवारीपासून. तोवर गीताला संरक्षण होते, पण तबकडीवरच्या आवाजाला ते केंद्रीय कायद्याने नव्हते. या फटीतून हा सारा व्यवहार सुरू झाला.

तबकड्या छापून विकणारे आणि फितींची देवघेव करणारे या दोन जाती मात्र वेगळ्या मानाव्या लागतील. विकणारा नफ्यासाठी जगतो, आणि त्याची बाजू घेण्याचे मला कारण दिसत नाही. देवघेव करणाऱ्याचा रिवाज असा की, कोरी फीत आणि टपालखर्च पाठवावा, अथवा आपल्याजवळची एखादी फीत बदल्यात द्यावी. पैसे घेणे हीन मानले जाई. एका मूळ फितीवरून पाच प्रती, त्या पाचांवरून पंचवीस, अशा शाखा फुटत. नवी फीत आली की संग्राहक पहिला प्रश्न विचारी: ही कितवी पिढी? कारण प्रत्येक नकलेत खरखर वाढे, वरचे स्वर बोथट होत, यंत्राची गती किंचित चुकली तर सारे गीत अर्ध्या स्वराने वर वा खाली सरके. श्रोत्यांत बसून कोटाखाली लपविलेल्या यंत्रावर घेतलेली फीत आणि ध्वनिनियंत्रकाच्या मेजावरून थेट उतरविलेली फीत यांतही भेद केला जाई. दोन प्रतींत एकाच ठिकाणी फीत तुटलेली आढळली तर त्यांचे मूळ एक, असे अनुमान काढीत. हे वाचताना पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला आपलेच शास्त्र आठवले नाही तर नवल. समान प्रमादावरून पोथ्यांची कुळे ठरविण्याची रीत या मंडळींनी कोणत्याही विद्यापीठात न शिकता, केवळ कानाने आणि प्रेमाने शोधून काढली होती.

त्यांच्या चुकाही पोथीलेखकाच्याच. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झालेली मैफल वर्षानुवर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील म्हणून फिरत राहिली. कोणा एका प्रतीवर चुकीचे स्थळ लिहिले गेले आणि पुढच्या प्रत्येकाने ते इमानाने उतरवून घेतले. १९९८ साली कंपनीने तीच मैफल अधिकृतपणे काढली तेव्हा स्थळ दुरुस्त केले, परंतु शीर्षकात 'रॉयल अल्बर्ट हॉल' हे शब्द अवतरणचिन्हांत तसेच ठेविले. चुकीची पुष्पिका परंपरेने इतकी रूढ केली की संपादकालाही ती पुसवेना.

आता अधिकृत प्रतीच्या प्रामाण्याविषयी. तळघरातील गीतांची अधिकृत आवृत्ती १९७५ साली निघाली. तिच्यात जुन्या मुद्रणांवर नव्याने वाद्ये चढविली होती. शिवाय 'द बँड'ची अशीही काही गीते समाविष्ट केली होती की जी त्या तळघरात ध्वनिमुद्रित झालीच नव्हती. आपल्या परिभाषेत ती क्षेपकयुक्त प्रत होय. शुद्ध पाठ ज्याला हवा असेल त्याला त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे चोरट्या फितींकडेच जावे लागले. सहा तबकड्यांचा समग्र संच २०१४मध्ये निघाला. तेव्हा 'प्रसिद्ध ते प्रमाण, अप्रसिद्ध ते अप्रमाण' हा आमच्या ज्येष्ठ परीक्षकांचा दंडक याच उदाहरणात उलटा पडतो. कंपनीने तर १९९१पासून आपल्या अधिकृत मालिकेलाच 'बूटलेग सीरिज' हे नाव दिले, आणि पहिल्या संचाची टिपणे लिहावयास बोलाविले ते जॉन बॉल्डी यांना. डिलनच्या चाहत्यांसाठी 'द टेलिग्राफ' हे नियतकालिक चालविणारे ते इंग्रज गृहस्थ. लेखनिकाचा संपादक झाला.

याहून मौजेची गोष्ट २०१२ सालची. युरोपीय कायद्यानुसार पन्नास वर्षांत प्रसिद्ध न झालेल्या मुद्रणाचे संरक्षण संपते. म्हणून कंपनीने डिलनची १९६२-६३मधील अप्रसिद्ध मुद्रणे सुमारे शंभर प्रतींत काढली, आणि हक्क राखण्यापुरती ती 'प्रसिद्ध' झाली. शंभर प्रती म्हणजे प्रसिद्धी, आणि सहस्र संग्राहकांच्या घरी असणे म्हणजे अप्रसिद्धी!

संग्राहकांचे मी स्तोत्र गात आहे असे कोणी समजू नये. त्यांच्यात कृपण पुष्कळ. आपली फीत दुर्मीळ राहावी म्हणून ती कुलूपबंद ठेवणारे, आणि दुर्मीळ तेच श्रेष्ठ मानणारे. शिवाय हा ऐवज बहुतांशी कंटाळवाणा असतो. २०१५ साली निघालेल्या संचातील एक संपूर्ण तबकडी 'लाइक अ रोलिंग स्टोन' या एकाच गीताच्या प्रयत्नांनी भरलेली आहे. ती मी एकदा कर्तव्य म्हणून ऐकली.

खरा आक्षेप नीतीचा आहे, आणि तो हलका नाही. कवीने जे टाकून दिले ते उचलून आणण्याचा आपल्याला अधिकार काय? येथे काफ्काचे उदाहरण नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे, कारण मित्राने आज्ञा मोडली तेव्हा काफ्का हयात नव्हता. डिलनची टाकलेली गीते तो ऐन उमेदीत असताना त्याच्या डोळ्यांदेखत पसरली, आणि त्याने त्याविषयीची नाराजी लपविली नाही. माझे मत असे की, टाकलेला पाठ ही कविता कशी घडली याची साक्ष देऊ शकतो, पण कवीचे मोल ठरविताना तो तराजूत घालू नये. या मतालाही तडा जातो हे मला ठाऊक आहे. १९८३ साली मुद्रित केलेले 'ब्लाइंड विली मॅकटेल' हे गीत डिलनने त्या वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेतून वगळले. ते फितींतून फिरत राहिले, त्याच्या श्रेष्ठ गीतांत गणले जाऊ लागले, १९९१ साली अधिकृतपणे निघाले, आणि १९९७पासून तो स्वतः ते रंगमंचावर गाऊ लागला. येथे श्रोत्यांनी कवीचा निर्णय फिरविला. शिवाय पोथीच्या शास्त्रात एक मूळ प्रत गृहीत धरलेली असते. सुकथनकरांच्या महाभारताचा सारा व्याप तिच्या शोधासाठी. डिलनच्या बाबतीत दर मैफल हीच मूळ प्रत. कुळे लावायची ती फितींच्या नकलांची, गायनाची नव्हे. हा विवेक ठेवला नाही तर आपले शास्त्र येथे निरुपयोगी ठरेल.

आणि एक सीमा आपल्या घरातली. अन्नपूर्णादेवींनी ऐन तारुण्यात जाहीर मैफली सोडल्या, मुंबईत राहून दशकानुदशके शिष्य घडविले, आणि २०१८मध्ये त्या निवर्तल्या. स्वतःच्या सुरबहारची एकही ध्वनिमुद्रिका त्यांनी काढू दिली नाही. तरीही मांज खमाजाची एक फीत रसिकांत फिरते. डिलनने प्रसिद्ध केलेल्या राशीच्या शेजारी टाकलेले काही आहे. येथे रासच नाही, आहे तो केवळ नकार. म्हाइंभटाने लोकांना विचारून विचारून चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत, हे मी वर्गात सांगते. पण चक्रधरांनी 'माझे बोलणे कोणी टिपू नये' म्हणून दार लावून घेतले होते असे नव्हे. ती फीत मी ऐकली आहे, ऐकल्याचा पश्चात्ताप झाला नाही, आणि तिच्यावर लिहावयास हात धजत नाही. यात विसंगती असेल. परंतु त्या विद्यार्थिनीच्या फितीला हा संकोच लागू नव्हता: कडवे कवीने स्वतः छापू दिले होते, प्रश्न इतकाच होता की, ते त्याने कधी गायिले काय.

२०१८च्या नोव्हेंबरात 'मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स' हा अधिकृत संच निघाला. न्यूयॉर्कच्या मुद्रणात ते कडवे आहे. मी तिला तसे कळविले, तर तिचे एका ओळीचे उत्तर आले: "मॅडम, ते मला आधीच ठाऊक होते." ग्रंथालयातील प्रतीला ती अकरा पाने जोडावीत असे मी संबंधित विद्यापीठास दोनदा लिहिले, उत्तर नाही. गेल्या वर्षी त्या गावी गेले असता प्रबंध काढून पाहिला. शेवटच्या प्रकरणानंतर एकदम संदर्भसूची लागते. अनुक्रमणिकेत मात्र 'परिशिष्ट : पाठभेद' हे शब्द पृष्ठांकासह तसेच राहिले आहेत, ते काढावयाचे बहुधा कोणाच्या लक्षात आले नसावे.