सही नसलेल्या टेबलावरचे धडे

आलेल्या पत्राची आवक नोंदवहीत नोंद कशी करावी, हे पदवीच्या वर्गात सहसा शिकवले जात नाही. राज्यातील हजारो तरुणांना ते गेल्या काही वर्षांत शिकायला मिळाले, ते मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेमुळे. जुलै २०२४ मध्ये निघालेल्या शासन निर्णयानुसार १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण ठरले. बारावी उत्तीर्णांना दरमहा सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन. 'लाडका भाऊ' हे नाव लोकांनी लगेच उचलले. खासगी आस्थापनांचे दरवाजेही योजनेत खुले होते. पण तहसील कचेरी, पंचायत समिती, ग्रामपंचायत येथील खुर्ची ही अनेकांच्या आयुष्यातील पहिली नोकरी ठरली. निदान त्यांना ती नोकरीच वाटली.

या खुर्चीवरचा पहिला धडा तारखेचा. अर्ज आला, त्यावर शिक्का व क्रमांक पडला, की कार्यालयाचे उत्तरदायित्व सुरू होते. विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या राज्य कायद्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. प्रत्यक्षात काय घडते, हे कचेरीची पायरी चढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु गठ्ठ्याखाली दबलेला कागद म्हणजे कुणाचा तरी थांबलेला दाखला, कुणाचा तरी बुडालेला रोजगाराचा दिवस, हे टेबलाच्या आतल्या बाजूला बसल्यावर अधिक टोचते. अभिलेखांचे वर्गीकरणही असेच. 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा, 'ड' वर्गाचा वर्षभराने नष्ट करता येतो. हे ज्याला कळले, त्याला कार्यालय काय विसरू शकते आणि काय नाही, हेही कळले.

दुसरा धडा अधिक कठीण आहे आणि तो सहीचा आहे. प्रशिक्षणार्थी टिप्पणीचा मसुदा तयार करू शकतो, संगणकावर माहिती भरू शकतो, अर्जदाराला त्रुटी समजावून सांगू शकतो. सही मात्र लिपिकाची, मंजुरी अधिकाऱ्याची. शासकीय कामकाजात जबाबदारी सहीमागे चालते. म्हणून चुकीचा जाब जसा त्याला विचारला जात नाही, तसे श्रेयही त्याच्या नावावर चढत नाही. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करू नये, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. रिक्त पदांनी ग्रासलेल्या कार्यालयात मदतीचा हात मिळाला, की अशा सूचनांचा विसर पडणे सोपे असते.

मार्च २०२५ मध्ये प्रशिक्षणाचा कालावधी अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आला. तोही संपला, तेव्हा कायम करा, या मागणीसाठी आंदोलने झाली. सरकारची भूमिका, हे प्रशिक्षण आहे, नियुक्ती नव्हे. कायद्याच्या कसोटीवर ती चुकीची म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये उमादेवी प्रकरणात, नियमित भरतीप्रक्रियेबाहेरून आलेल्यांना केवळ काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे स्पष्ट केले होते. पण प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. प्रशिक्षणार्थी गेला तरी टेबल तेथेच आहे, अर्जांचा ओघही थांबलेला नाही. जे काम अकरा महिने रोज करून घ्यावे लागले, ते काम कायमचे नाही, असे कसे म्हणावे? पदे रिक्त ठेवून विद्यावेतनावर गाडा ओढण्याची सवय कार्यालयांना लागली, तर त्या पदांची जाहिरात निघण्याची घाई कोणाला राहील?

आणि ती जाहिरात निघाली, तरी सरळसेवा भरतीत निवड प्रामुख्याने परीक्षेतील गुणांवर होते. नस्ती हाताळण्याचा सराव तेथे फारसा कामी येत नाही. खासगी कंपनीच्या मुलाखतीत तो येऊ शकेल, पण त्यासाठी प्रमाणपत्रावर किती महिने यापेक्षा कोणते काम, कोणत्या प्रणालीवर, हे कार्यालयप्रमुखाने लिहून द्यावे लागेल. चार ओळींचे काम आहे, आणि त्याखाली सही मात्र अधिकाऱ्याचीच लागेल.