माउंट झालं म्हणजे झालं?

मंडळी, येरवड्याच्या आयटी पार्कांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एरर येत होती, मग फोर्स करून टाकलं." माझा राग आहे तो या "करून टाकलं"वर.

झेडएफएसमध्ये एका फाइलसिस्टिमच्या पोटात दुसरी करणं अगदी सोपं. सनने 2005 साली ओपनसोलारिसमधून ते बाहेर आणलं, तेव्हापासूनची ही सोय. टँक केलं, त्यात टँक/ऑफिस, त्याच्या आत टँक/ऑफिस/बॅकअप. आधी आई माउंट होते, मग लेकरू.

आता समजा, टँक/ऑफिस एन्क्रिप्टेड आहे आणि बूट होताना तिची किल्लीच लोड झाली नाही. तेवढ्यात एखादी सर्व्हिस त्याच नावाच्या फोल्डरात लिहायला लागली. तो डेटा कुठे गेला? खालच्या टँकमध्ये, उघड्यावर! ऑफिसच्या स्नॅपशॉटमध्येही तो येणार नाही. नंतर माउंट करायला जावं तर जुनं झेडएफएस अडवायचं: "डिरेक्टरी इज नॉट एम्प्टी."

ही कटकट नव्हे हो, हा इशारा आहे. आणि आपण काय करतो? एक जण मायनस कॅपिटल ओ लावून वरून माउंट करतो, दुसरा आरएम -आरएफ मारतो. एकाने डेटा झाकला, दुसऱ्याने उडवला. दोघंही तिकीट बंद करून चहाला मोकळे.

कहर म्हणजे आता लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर ओपनझेडएफएसची ओव्हरले प्रॉपर्टी मुळातच ऑन असते. म्हणजे एररच येत नाही! का, तर तिथल्या बाकीच्या फाइलसिस्टिमही असंच वागतात. अहो, शेजारी दार उघडं टाकतो म्हणून आपणही कुलूप काढायचं का?

"पण सर्व्हर रात्री अडकला तर?" अडकू दे. अडकलेला सर्व्हर सकाळी कळतो. झाकलेला डेटा कळतो तो रिस्टोअरच्या दिवशी.

उपाय काही अवघड नाही. सर्व्हिस थांबवा, अनमाउंट करा, खाली काय पडलंय ते बघून बाजूला हलवा. मग आरएमडीआयआर, तो फक्त रिकामं फोल्डर काढतो, भरलेलं असेल तर नाही म्हणतो. ओव्हरले ऑफ करा. आणि माउंट झाल्याशिवाय सर्व्हिस सुरू होणार नाही, अशी अट सिस्टिमडीत घाला.

शेजारच्या तुरुंगात कैदी मोजल्याशिवाय रात्रीचं कुलूप लागत नाही. आपण मात्र आत काय आहे ते न बघताच कुलूप लावतो, आणि वर अप्रेझलमध्ये "इश्यू रिझॉल्व्ह्ड" लिहितो.

असो.