दादा, पुढच्या महिन्यात नक्की!

हा मेसेज आता तिसऱ्यांदा आलाय. माझ्या बँकेला मात्र 'दादा' म्हणून चालत नाही, ती ५ तारखेला ईएमआय कापून मोकळी होते. कोथरूडचा वन बीएचके, ३ महिन्यांचं डिपॉझिट आणि ३ महिन्यांचीच थकबाकी. हिशेब शून्यावर आलाय.

ऑफिसात चहाबरोबर सल्ले फुकट मिळतात. 'लाइट तोड.' 'कुलूप बदल, सामान जिन्यात ठेव.' ऐकायला झक्कास! पण असलं काही केलं, की पोलीस चौकीत तो तक्रारदार आणि आपण आरोपी व्हायचो.

आपलं खरं हत्यार म्हणजे रजिस्टर केलेलं लीव्ह अँड लायसन्स. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम २४ बघा. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. शिवाय ताबा देईपर्यंत त्याच्यावर दुप्पट भाडं चढतं. माझे ११ महिने या ३० तारखेला संपतायत. नोटीस तयार आहे.

पण पोराची नोकरी गेलीय हो. ज्याच्याकडे एकपट नाही, त्याच्याकडून दुप्पट काय वसूल करणार, कप्पाळ? वकिलाची फी वेगळीच. म्हणून काल त्याला सांगितलं, ३० तारखेला किल्ली दे, डिपॉझिट थकबाकीत वळतं, शेवटचं लाइटबिल मी भरतो. फक्त हे सगळं लेखी, सहीनिशी.

बायको म्हणते, फार सोडलंस. असेल. त्यानं रविवारपर्यंत वेळ मागितलाय. नोटीस अजून ड्रॉवरमध्येच आहे.