गळतीचा हिशेब कोणी ठेवायचा?

उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणीकपातीची सूचना निघाली की कल्याण-डोंबिवलीचा नागरिक प्रथम आकाशाकडे आणि मग महापालिकेकडे पाहतो. स्वतःच्या घराच्या भिंतीकडे मात्र तो क्वचितच पाहतो. मोहने-मोहिलीच्या परिसरात उल्हास नदीतून उचललेले पाणी शुद्ध होऊन इमारतीच्या तळटाकीत येते आणि तेथून पंपाने पुन्हा गच्चीवर चढविले जाते. नळाला येईपर्यंत प्रत्येक बादलीवर निदान दोनदा वीज खर्ची पडलेली असते. गळते ते केवळ पाणी नव्हे, ही गोष्ट येथेच ध्यानात घ्यावयास हवी.

सेकंदाला एक थेंब गाळणारा नळ दिवसाकाठी सुमारे 20 लिटर, म्हणजे वर्षाला 7,000 लिटरहून अधिक पाणी वाया घालवितो. शहरी माणसाची दैनंदिन गरज 135 लिटर मानली जाते, हे लक्षात घेता ही उधळपट्टी लहान नव्हे. तरीही थेंब निदान दिसतो. भिंतीतील नळी, फ्लशच्या टाकीतील झिजलेले रबर आणि तळटाकीची भेग या चोरवाटा दिसत नाहीत.

त्या शोधण्यास मोठे तंत्रज्ञान लागत नाही. रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा टिपावा. पाणी न वापरताही सकाळी तो पुढे सरकला असेल, तर गळती आहे. मीटर नसल्यास तळटाकीत येणारे व तीमधून जाणारे पाणी बंद करून पातळीवर खूण करावी. काही तासांत पातळी उतरली, तर दोष टाकीत किंवा तिच्या जोडात आहे. फ्लशच्या टाकीत चिमूटभर खाद्यरंग टाकून अर्धा तास ती वापरू नये. भांड्यात रंग उतरला, तर झडप निकामी झाली असे समजावे. पावसाळा नसताना भिंतीला धरलेली ओल आणि सुटलेले पोपडे हीही अशीच साक्ष होय.

उपाय इतके सोपे असता ते योजले का जात नाहीत? कारण गळतीचे नुकसान कोणा एकाच्या नावावर पडत नाही. सोसायटीचे पाणीबिल सर्व सदनिकांत सारखे वाटले जाते. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत एकाने नळ दुरुस्त केला, तर खर्च त्याचा आणि बचतीचा चाळिसावा हिस्साच त्याच्या पदरात, असा हा व्यवहार आहे. 2009 मध्ये एन.आर.सी. कारखाना बंद पडल्यानंतर ज्या मोहन्यातील कामगार कुटुंबांना पै-पैचा हिशेब ठेवावा लागला, त्यांच्यासारख्यांना दुसऱ्याच्या गळतीचा भुर्दंड परवडणारा नाही.

मात्र नागरिकाला थेंब मोजावयास सांगून पालिकेने स्वतःच्या वाहिन्यांकडे डोळेझाक करणे हा शुद्ध कांगावा ठरेल. शिवाय तेथे प्रश्न केवळ पाण्याचा राहत नाही. ठराविक तास पाणी सोडण्याच्या पद्धतीत पुरवठा थांबला की वाहिनीतील दाब ओसरतो आणि ज्या छिद्रातून पाणी बाहेर जात होते, त्याच छिद्रातून गटाराचे पाणी आत शिरू शकते. 2012 मध्ये इचलकरंजीत पसरलेल्या काविळीच्या साथीने दूषित पाण्याची किंमत महाराष्ट्राला दाखवून दिली आहे.

मार्ग नाही असे नव्हे. कराडनजीकच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि नळागणिक मीटर यांची सांगड घातली. मोजलेले पाणी माणूस जपून वापरतो, हाच त्यातील धडा. मीटरमुळे गरीब भरडला जाईल ही भीती रास्त आहे. पण आवश्यक पाण्यापुरता दर अल्प ठेवून त्यापुढे चढता ठेवल्यास तिचे निवारण होऊ शकते.

सोसायट्यांनी वर्षातून एकदा टाक्या व नळ्या तपासाव्यात आणि महापालिकेने उचललेले पाणी, पोहोचलेले पाणी व त्यांतील तूट यांचा प्रभागवार ताळेबंद जाहीर करावा. दोन्ही हिशेब समोरासमोर आल्याशिवाय नवे धरण मागण्याचा नैतिक अधिकार कोणत्याच शहराला पोहोचत नाही. फुटक्या घागरीत कितीही ओतले, तरी ती भरावयाची नाही.