हुकलेली पेनल्टी

२५ मे १९९८. लंडनचे वेम्बली मैदान. इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीतून वर जाण्यासाठी एकच जागा उरलेली, दावेदार दोन : संडरलंड आणि चार्लटन. सामना ४-४ असा रंगला. चार्लटनचे तीन गोल क्लाइव्ह मेंडोन्साचे आणि हा पठ्ठ्या संडरलंडमध्येच वाढलेला, त्यांचाच चाहता! पेनल्टीत ७-६ असताना संडरलंडचा भूमिपुत्र मायकेल ग्रे पुढे आला. फटका दुबळा, गोलरक्षकाने सहज अडवला. ४६ सामन्यांत घाम गाळून मिळवलेले ९० गुण क्षणात मातीमोल.

प्रशिक्षक पीटर रीड यांनी मात्र ग्रेला दूर लोटले नाही. पुढच्या हंगामात संडरलंड फक्त ३ सामने हरला, १०५ गुणांनिशी वर गेला. १९९९ मध्ये ग्रे इंग्लंडकडून खेळला. चार्लटन तोवर पुन्हा खाली घसरला होता.