मोबाईल सारखा पासवर्ड मागतो?

बोरी अरबला आमच्या शेजारच्या काकूंचा मोबाईल रोज गुगल खात्याचा पासवर्ड मागत होता. मुलाने दुसऱ्या फोनवर पासवर्ड बदललेला. काकूंच्या फोनात जुनाच. कुणी सांगितले, खाते काढून पुन्हा टाका. अशी घाई करू नका! खात्यावर न चढलेले नंबर त्यात जातात.

आधी तारीख-वेळ आपोआपवर ठेवा. मग सेटिंगमधल्या खात्यातच नवा पासवर्ड टाका, मेसेजमधल्या लिंकवर नव्हे. सिंक सुरू करा. 15 जीबी मोफत जागा भरली की नवे मेल येत नाहीत. नको ते पुसा.

पासवर्ड घरच्या वहीत लिहा. ओटीपी कुणालाच सांगू नका. मुलांच्या शिष्यवृत्तीचा मेल याच खात्यावर येतो, हे विसरू नका.