डबल्स : नाते सांगावे, मालकी नव्हे

१/ टोरंटो असो वा ब्रुकलिन, त्रिनिदादी उपाहारगृहात ‘डबल्स’ला मोठी मागणी असते. हळदीने पिवळ्या झालेल्या दोन मऊ पुऱ्या, मध्ये रसदार चणे, वर चिंचेची चटणी. भारतीय खवय्या म्हणतो, “हे तर आपलेच छोले-भटुरे!” हा दावा इतिहासाला धरून नाही.

२/ १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्णतः संपली आणि त्रिनिदादच्या ऊसमळ्यांना स्वस्त मजूर हवे झाले. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून तेथे पोहोचले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय करारबद्ध होऊन गेले. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे.

३/ डबल्सच्या पुरीला तेथे ‘बरा’ म्हणतात. हा भोजपुरी शब्द मराठी ‘वड्या’चा भाऊबंद. मात्र हा बरा डाळीचा नाही, खमीर घातलेल्या मैद्याचा. चण्यांना वास येतो तो ‘शॅडो बेनी’ या अमेरिकी भूमीतील पानांचा. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउनमध्ये दीन कुटुंबाने डबल्स विकण्यास आरंभ केला, असे मानले जाते.

४/ आज आफ्रिकी आणि भारतीय वंशाचे त्रिनिदादवासी एकाच गाडीपुढे उभे राहून ते खातात. त्याला केवळ ‘आपले’ म्हणणे म्हणजे मळ्यांतील कष्ट आणि त्यांतून घडलेला नवा समाज, दोन्ही पुसून टाकणे होय.